कासवालाही तहान लागते



‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध आपण सगळेच घेतो. तिसरी-चौथीला तर वर्षातून दोनदा तरी होतोच. वह्या तपासायला घेतल्या की पहिली ओळ वाचून पुढचं सगळं आपल्याला पाठ असतं. कुत्रा इमानदार असतो, गाय दूध देते, मांजर उंदीर पकडते. यात मुलांचा काही दोष नाही. विषयच असा आहे की गाईडमधून उतरवून काढता येतो.

म्हणून मी तो विषय थोडा बदलून देते. ‘आमच्या घरातला प्राणी आणि त्याला लागणारं पाणी’. आपला खानदेश. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. धुळ्याकडेही काही वेगळं नाही. पाणी हा इथे पुस्तकातला धडा नसतो, तो घरातला रोजचा हिशोब असतो. मुलं घरी जाऊन मोजतात आणि मग लिहितात. म्हैस किती बादल्या पिते, शेळी एका वेळी किती पिते, कोंबड्यांचं भांडं दिवसातून किती वेळा भरावं लागतं. हा निबंध गाईडमध्ये सापडत नाही, त्यामुळे वाक्यं मुलांची स्वतःची येतात. गणितही होतं, परिसर अभ्यासही होतो.

मागच्या मार्चमध्ये, सकाळची शाळा नुकतीच सुरू झाली होती, तेव्हा चौथीच्या एका मुलाने फक्त चार ओळी लिहून वही दिली. ‘आमच्या घरी कासव आहे. त्याच्या पाठीवर चांदण्या आहेत. ते खाटेखाली राहते. त्याला पाणी लागत नाही.’

आजचा लेख त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. कारण हे वाक्य त्या मुलाचं एकट्याचं नाही. ‘कासव तर पाण्यातलंच, त्याला वेगळं पाणी कशाला?’ असं म्हणणारी माणसं मला नंतर बरीच भेटली. ‘कासव महिनोन्‌महिने काही न खाता-पिता राहतं’ असं म्हणणारीही भेटली. दोन्ही समजुती जुन्या आहेत आणि दोन्हींमुळे घराघरात कासवं वाळून मरतात.

एकच शब्द, तीन प्रकारचे प्राणी

घोळ आपल्या भाषेतूनच सुरू होतो. मराठीत सगळ्यांना आपण ‘कासव’च म्हणतो. पण पाण्याच्या दृष्टीने पाहिलं तर कासवांचे तीन गट करावे लागतात.

पहिलं समुद्री कासव. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या मदतीने तिथली घरटी राखली. पिल्लं समुद्रात सोडतानाचे व्हिडिओ तुम्ही मुलांना दाखवले असतील. हे कासव समुद्राचं खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ डोळ्याजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. वाळूवर आलेली मादी रडतेय असं आपल्याला वाटतं ते यामुळेच. मुलांना ही गोष्ट फार आवडते.

दुसरं गोड्या पाण्यातलं कासव. तापी, गिरणा, पांझरा, गावतळी, पाटचाऱ्या, विहिरी, इथलं आपलं कासव. मऊ पाठीचं, धोका दिसला की पाय आत घेऊन खालून झडप बंद करणारं कासव यातलंच. उन्हाळ्यात डबकं आटलं की ते चिखलात स्वतःला गाडून घेतं आणि पावसाची वाट पाहत पडून राहतं. दुकानात छोट्या काचेच्या पेटीत मिळणारं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासवही पाण्यातलंच, पण ते आपल्या देशातलं नाही. ते मूळचं अमेरिकेतलं.

तिसरं जमिनीवरचं कासव. घुमटासारखी उंच, कडक पाठ, हत्तीसारखे जाड पाय. पाठीवर चांदण्यांसारखी पिवळी नक्षी असेल तर ते तारा कासव. हे झुडपी रानात, कोरड्या गवताळ भागात राहतं. त्याला पोहता येत नाही. पण पाणी मात्र त्याला लागतं. पावसाळा हा त्याचा हिंडण्या-फिरण्याचा, खाण्याचा काळ. पाऊस पडला की साचलेल्या पाण्यात तोंड खाली घालून ते पोटभर पिऊन घेतं.

आता पाहा, एकच शब्द असल्यामुळे काय होतं. जमिनीवरचं कासव ‘पाण्यातलं’ म्हणून कोणी टबात टाकतं, नाहीतर ‘पाणी स्वच्छ राहील’ म्हणून विहिरीत सोडतं. तिथे ते बुडून मरतं. आणि पाण्यातलं कासव ‘जमिनीवर चालतंय की’ म्हणून कोणी फरशीवर मोकळं ठेवतं. ते सुकत जातं. ससा-कासवाची गोष्ट शिकवताना हे दोन मिनिटांत सांगता येतं. मी सांगते.

आणि पंचतंत्रातली ती दुसरी गोष्ट आठवा. कंबुग्रीव नावाचं कासव, संकट आणि विकट हे त्याचे दोन हंस मित्र. काठी तोंडात धरून उडणारं, मध्येच बोलायला गेलं आणि पडलं ते कासव. आपण तात्पर्य सांगतो की नको तिथे बोलू नये. पण ती गोष्ट सुरू कशामुळे होते? पाऊस पडत नाही आणि तळं आटतं. कासवाला घर सोडावं लागतं ते पाण्यापायी. आमच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला तर बहुतेक मुलांनी पटकन हात वर केले. तळं आटणं म्हणजे काय, हे आपल्या मुलांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

कासवाच्या अंगातलं पाणी जातं कुठे?

कासवाला आपल्यासारखा घाम येत नाही. मग पाणी कमी का होतं? श्वासाबरोबर जातं, कातडीतून-डोळ्यांतून थोडं थोडं उडतं, शी-शू मधून जातं. हवा जितकी कोरडी आणि गरम, तितकं जास्त जातं. आपल्याकडच्या मे महिन्यात दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. पत्र्याच्या घरात खाटेखाली ठेवलेल्या जिवाचं काय होत असेल, ते यावरून समजून घ्या.

निसर्गाने जमिनीवरच्या कासवाला काटकसर शिकवली आहे. आपण शरीरातली घाण युरियाच्या रूपात भरपूर पाण्याबरोबर बाहेर टाकतो. जमिनीवरचं कासव ती बऱ्याच अंशी युरिक आम्लाच्या रूपात टाकतं, म्हणजे पांढऱ्या पेस्टसारखी, कमीत कमी पाणी वापरून. शिवाय त्याची लघवीची पिशवी ही पाण्याची टाकीसुद्धा असते. पाऊस पडला की टाकी भरून घ्यायची आणि कोरड्या दिवसांत त्यातलं पाणी परत अंगात ओढून घ्यायचं. अमेरिकेच्या मोहावी वाळवंटातलं कासव तर यावरच जगतं. म्हणून तिथे लोकांना सांगितलं जातं की रानातलं कासव उगाच उचलू नका. घाबरून ते लघवी करतं आणि त्याचा महिनोन्‌महिन्यांचा साठा एका क्षणात वाया जातो.

‘कासव पाण्याशिवाय राहतं’ या समजुतीचं मूळ इथेच आहे. ते पाण्याशिवाय राहत नाही, ते साठ्यावर राहतं. घरात डांबून ठेवलेल्या कासवाला पाऊस मिळत नाही, रानातला ओला पाला मिळत नाही, मातीत गारव्याला शिरताही येत नाही. साठा संपत जातो. ती पांढरी पेस्ट आधी घट्ट होते, मग वाळूसारखी रवाळ होते आणि पुढे पिशवीत खडे होतात.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे त्याला ओरडता येत नाही. शेळीला पाणी मिळालं नाही तर ती ओरडून ओरडून वाडा डोक्यावर घेते. म्हैस दावं ओढते. कासव फक्त आणखी हळू होतं. आणि कासव हळू असतं हे तर आपल्याला पहिलीपासून पाठ आहे! त्यामुळे ते मरायला टेकलं तरी घरातल्यांना वाटतं, झोपलंय.

तहानलेलं कासव कसं ओळखायचं?

डोळे खोल गेलेले दिसतात किंवा ते डोळे उघडतच नाही. मानेची आणि पायांची कातडी कोरडी, सैल, सुरकुतलेली दिसते. तोंडात चिकट लाळ असते. खाणं सोडतं. हातात घेतलं तर आकाराच्या मानाने हलकं लागतं. लघवीतला पांढरा भाग रवाळ असतो. यातलं काहीही दिसलं तर ‘उन्हाळ्यामुळे सुस्त आहे’ असं म्हणून सोडून देऊ नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावं.

पाणी द्यायचं कसं?

पसरट, जड, कमी काठाचं भांडं घ्यावं. आपली मातीची परळ किंवा कुंडीखालची ताटली उत्तम. खोल वाटी किंवा बादली नको. कासवाला मान उंच करून पिता येत नाही, ते तोंड खाली पाण्यात बुडवून ओढून घेतं. काठ इतका कमी हवा की ते स्वतः चढून आत जाईल आणि बाहेरही येईल. पाणी रोज बदलावं, कारण ते त्याच पाण्यात बसून घाणही करतं.

दुसरं म्हणजे भिजवणं. जमिनीवरच्या कासवाला आठवड्यातून दोन-तीन वेळा, आणि पिल्लू असेल तर रोज, कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवतात. पाणी किती गरम? बाळाच्या अंघोळीचं पाणी आपण कोपराने बघतो ना, तसं बघायचं. खोली किती? पोटाची बाजू आणि पायांचा खालचा भाग बुडेल इतकीच. हनुवटी टेकवली तरी नाक पाण्याच्या वर राहिलं पाहिजे. आणि शेजारी मोठं माणूस बसलेलं हवं. ‘टबात ठेवलं आणि मी भाजी टाकायला गेले’ असं चालत नाही. उलटं पडलं तर ते दोन इंच पाण्यातही बुडतं.

पाण्यात बसलं की ते बऱ्याचदा लगेच लघवी-शी करतं. घाबरू नका, चांगलं लक्षण आहे. जुनं टाकतं आणि नवं पितं.

काय करू नये तेही सांगते. ड्रॉपरने किंवा चमच्याने तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जातं. दूध देऊ नये. आपल्या मनाने साखर-मिठाचं पाणी देऊ नये. बर्फाचं पाणी अंगावर टाकू नये. काचेची पेटी उन्हात ठेवू नये, काही मिनिटांत ती भट्टी होते. पोळी, बिस्किट, दूध-भात हे त्याचं अन्न नाही. गवत, जास्वंदीची पानं-फुलं, काटे काढलेलं निवडुंगाचं पान हे त्याचं अन्न, आणि त्यातूनही त्याला बरंच पाणी मिळतं. काकडीत पाणी असतं पण पोषण फारसं नसतं, म्हणून रोज फक्त काकडी नको.

लाल पट्ट्याच्या पाण्यातल्या कासवाचं वेगळं आहे. ते पाण्यातच गिळतं, बाहेर ठेवून खायला घातलं तर त्याला नीट खाता येत नाही. त्याला पोहता येईल इतकं पाणी हवं आणि अंग कोरडं करायला वर यायला एक दगडही हवा. वाटीएवढ्या पेटीत त्याचं पाणी एका दिवसात घाण होतं. आपल्याकडे बऱ्याच गावांत नळाला रोज पाणी येत नाही. तेव्हा असं कासव आणण्याआधी घरातल्या टाकीचा विचार करा. आणि पालकांनो, हे कासव कंटाळा आला म्हणून मेहरूण तलावात किंवा नकाणे तलावात सोडू नका. ते इथल्या कासवांचं अन्न आणि जागा खाऊन टाकतं. जगातल्या सगळ्यात त्रासदायक परक्या प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव आहे.

एक आरोग्याचीही गोष्ट. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. लहान मुलं छोटी कासवं तोंडात घालतात म्हणून अमेरिकेत १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली. कासवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लागला तर साबणाने हात धुवायचेच. त्याची परात स्वयंपाकाच्या मोरीत धुवायची नाही.

आता कायद्याचं

वरचं सगळं वाचून कोणाला वाटेल, चला, मग तारा कासव आणून नीट पाळू. तसं करता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तारा कासव आणि आपल्या तळ्या-विहिरीतली मऊ पाठीची कासवं पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ही कासवं कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत आहेत. शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. २०१९ मध्ये तारा कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही जगभरात बंदी आली, कारण दिसायला सुंदर म्हणून याची प्रचंड तस्करी होते. पिशव्यांत, सुटकेसमध्ये कोंबून नेताना कितीतरी कासवं पाण्यावाचून वाटेतच मरतात.

म्हणजे त्या वहीतल्या चार ओळी माझ्यासाठी नुसता निबंध राहिल्या नाहीत. चांदण्यांची पाठ म्हणजे तारा कासव. मुलाने मला विश्वासाने लिहून दिलं होतं. गप्प बसावं तर खाटेखालचा जीव जाणार. परस्पर फोन करावा तर बाप अडचणीत येणार, आणि पोराला कळणार की वहीत खरं लिहिलं की असं होतं. पुढे तो कधी खरं लिहील का? त्याचं बघून बाकीची मुलं लिहितील का? शिक्षक मंडळी, तुम्हीच सांगा, यात सोपं उत्तर होतं का?

मी आधी त्या मुलाशीच बोलले. मधल्या सुट्टीत, एकट्याशी. कासवाला पाणी लागतं, ते तहानलेलं असणार, हे सांगितलं. ते घरात ठेवायला परवानगी नाही हेही सांगितलं. ‘मी रविवारी तुझ्या घरी येऊ का? तू नाही म्हणालास तर आधी आपण आणखी बोलू,’ असं म्हटलं. तो बराच वेळ पायाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, ‘या मॅडम. पन त्याले नेऊ नका.’

मी ‘नेणार नाही’ असं कबूल केलं नाही. मुलाला खोटं वचन द्यायचं नाही हे मी धुळ्याला डी.एड. करताना शिकले नव्हते, नोकरीत शिकले.

घर साधं, पत्र्याचं. वडील मजुरीला जाणारे. कोणीतरी ‘घरात ठेवा, बरकत येईल’ म्हणून कासव दिलं होतं. आजी म्हणाली, ‘आमना घरनी लक्ष्मी शे ती.’ वडील म्हणाले, ‘मॅडम, त्याले कशाले पानी? ते तं महिना महिना खात बी नाही.’ खाटेखालून गोणपाट ओढलं. कासव होतं. तळहातापेक्षा थोडं मोठं, डोळे मिटलेले.

मी कायद्याचं काही बोलले नाही. एक परात मागितली आणि कोमट पाणी. परातीत दोन बोटं पाणी घेऊन कासव अलगद ठेवलं. पाच मिनिटं काही झालं नाही. मग मान बाहेर आली, तोंड पाण्यात गेलं आणि गळ्याची कातडी हलायला लागली. ते पीत होतं. थांबत नव्हतं. आजी परातीशेजारी येऊन बसली. कोणी काही बोललं नाही. पोरगा मात्र हळूच म्हणाला, ‘आजी, त्याले तहान लागेल होती.’

त्यानंतर कायद्याचं बोलणं सोपं गेलं, म्हणजे निदान शक्य झालं. वडील घाबरले. साहजिक आहे. मी त्यांना सांगितलं की लपवून ठेवण्यापेक्षा किंवा कुठेतरी रानात टाकून देण्यापेक्षा आपण स्वतः फोन करून सुपूर्द करणं चांगलं. वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ नावाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. मी त्यांच्यासमोर फोन लावला. कासव स्वतःहून देत आहोत असं सांगितलं. संध्याकाळी वन विभागाचे कर्मचारी आले, नीट बोलले, कासव घेऊन गेले.

तो मुलगा त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. वही द्यायचा, नजर द्यायचा नाही. मी त्याला बोलायला लावलं नाही. आपलं आवडतं कोणी गेलं तर रुसायचा हक्क मुलाला असतो. आठ-दहा दिवसांनी त्याने एकच प्रश्न विचारला, ‘तिकडे त्याले परात देतील का?’ मी म्हटलं, देतील. आणि ते माहीत करून घेऊनच म्हटलं.

‘माणसाला पाणी नाही आणि कासवाला?’

हा प्रश्न एका पालक-सभेत आला. रास्त आहे. उत्तर हिशोबाने द्यावं. पक्षी, खार, कुत्रं, वासरू, कोणासाठीही आपण जे ठेवतो ते परातभर पाणी असतं. उरलेलं संध्याकाळी तुळशीला, कढीपत्त्याला घालता येतं. वाया काहीच जात नाही.

आणि एक गंमत पाहा. वास्तूसाठी म्हणून कित्येक घरांत धातूचं कासव ताटलीत पाणी घालून ठेवलेलं असतं. ते पाणी न चुकता बदललं जातं. महादेवाच्या देवळात गेलं की नंदीजवळच्या दगडी कासवाला आपण हात लावून नमस्कार करतो. समुद्रमंथनात पर्वत पाठीवर घेणारं कूर्म तेच. श्रद्धा असू द्या, कोणाची मोडायची गरज नाही. आजींनाही मी तेच म्हटलं. लक्ष्मी हवी तर ताटलीतलं पितळी कासव ठेवा, जिवंत कासवाला त्याच्या रानात राहू द्या.

आणखी एक आपल्याकडची बाब. उन्हाळ्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावातला गाळ निघतो, विहिरी उपसल्या जातात. त्या चिखलात झोपलेलं कासव जेसीबीच्या बकेटमध्ये किंवा शेतात टाकलेल्या गाळात सापडू शकतं. मुलं ते घरी आणतात. मुलांना सांगून ठेवा की घरी आणायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही. ओल्या गोणपाटाने झाकून सावलीत ठेवायचं, मोठ्या माणसाला सांगायचं आणि जवळच जिथे पाणी किंवा ओला चिखल शिल्लक आहे तिथे सोडायचं. जखमी असेल तर १९२६.

वर्गात काय घेता येईल?

दोन सारख्या ताटल्या घ्या. दोन्हींत मोजून एकेक पेला पाणी घाला. एक उन्हात, एक व्हरांड्याच्या सावलीत. शाळा सुटताना परत मोजा. फरक मुलांनी वहीत लिहायचा. पाण्याचं बाष्पीभवन हा पाठ यापेक्षा चांगला शिकवता येत नाही. प्राण्यांचं भांडं सावलीतच का ठेवायचं, हेही त्यांना आपोआप कळतं.

दुसरं, पाण्याची घंटा. केरळच्या शाळांनी २०१९ मध्ये सुरू केलेली ही कल्पना आम्हीही वापरतो. ठरलेल्या वेळी घंटा वाजली की सगळ्यांनी बाटली उघडून पाणी प्यायचं. आमच्या चौथीने त्यात स्वतःहून एक भर घातली आहे. घंटा झाली की दोघांनी बाहेर जाऊन पक्ष्यांची परळ बघून यायची. आपली काही मुलंही कासवासारखीच असतात. तहान लागली तरी बोलत नाहीत, नुसती मंदावतात, बाकावर डोकं ठेवतात. उन्हाळ्यात असं मूल दिसलं तर आधी पाणी विचारा, मग अभ्यास.

विद्यार्थ्यांसाठी : कासव – दहा ओळी (इयत्ता तिसरी-चौथी)

१. कासव हा पाठीवर कडक कवच असलेला प्राणी आहे.
२. काही कासवे समुद्रात, काही गोड्या पाण्यात, तर काही जमिनीवर राहतात.
३. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही.
४. सगळ्या कासवांना पाणी लागते.
५. कासव तोंड खाली बुडवून पाणी पिते.
६. तहान लागली तरी कासव ओरडत नाही.
७. तारा कासवाच्या पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असते.
८. रानातले कासव घरी ठेवणे हा गुन्हा आहे.
९. कासव अडचणीत दिसले तर १९२६ या क्रमांकावर वन विभागाला कळवावे.
१०. उन्हाळ्यात आपण प्राणी-पक्ष्यांसाठी सावलीत पाणी ठेवावे.

या दहा ओळी फळ्यावर लिहून द्यायला हरकत नाही. पण अकरावी ओळ मुलांनी स्वतः घरी बघून लिहायची, एवढं नक्की सांगा. तुमच्या वर्गातल्या अकराव्या ओळी मला जरूर कळवा.